वाटेत बंद पडलेली गाडी

प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही ठेवण्याची आणि 'सावकाश जा, पोहोचलात की कळवा' असे बजावण्याची आपल्या घरांत जुनी रीत आहे. सावकाश जावे आणि सुखरूप पोहोचावे, हे सर्वांनाच पटते. पण जाणे आणि पोहोचणे यांच्या दरम्यान एक तिसरी अवस्था संभवते. ती म्हणजे मधेच थांबणे. भर रस्त्यात गाडी बंद पडली तर कसे वागावे, हे मात्र दही ठेवणारे हात सांगत नाहीत आणि वाहन चालवण्याचा परवाना देणारेही फारसे सांगत नाहीत.

आठ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्यात आम्ही सहकुटुंब नाशिकला निघालो होतो. कसारा घाट चढताना इंजिनातून वाफ येऊ लागली आणि एका वळणाच्या जरासे पुढे आमची गाडी बंद पडली. दिवेलागणीची वेळ होती. मागून मालमोटारींची रांग येत होती. मी तत्काळ उतरलो, बॉनेट उघडले आणि इंजिनाकडे पाहत उभा राहिलो. इंजिनातले मला काही कळते असे नव्हे; पण संकटात सापडलेला मनुष्य काहीतरी करतो आहे असे दिसले पाहिजे, एवढीच त्यामागची प्रेरणा! पत्नी आणि दोन्ही मुले गाडीतच बसून होती. रस्ता-सुरक्षा सप्ताहाची परिपत्रके ज्याच्या टेबलावरून दरवर्षी पुढे जातात, त्या माझ्यासारख्या सरकारी नोकराची ही तऱ्हा.

इतक्यात एक मालमोटार आम्हांला ओलांडून थोड्या अंतरावर कडेला थांबली. चालक उतरून आला. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा इंजिनाकडे पाहिले आणि म्हणाला, "साहेब, इंजिन कुठं पळून जात नाही. आधी ताईंना अन् लेकरांना खाली घ्या." मग त्याने आपल्या क्लीनरला हाक मारली आणि एक झाडाची फांदी घेऊन वळणाच्या मागे उभे राहायला सांगितले. चाकांमागे दगड लावले. मी रुमाल गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच त्याने माझे मनगट धरले. बंदिस्त रेडिएटरमधले पाणी दाबाखाली असते. त्यामुळे ते शंभर अंशांच्याही वर तापते, तरी उकळत नाही. झाकण फिरवताच तो दाब नाहीसा होतो आणि उकळते पाणी व वाफ तोंडावर उसळते. अर्धा-पाऊण तास थांबण्याखेरीज त्याला दुसरा उपाय नाही.

त्या अर्ध्या तासात मला जे उमगले, तेच आज सांगावयाचे आहे. गाडी बंद पडते तेव्हा आपले सारे लक्ष पुढे, इंजिनाकडे लागलेले असते. आणि संकट मात्र मागून येत असते. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात, तसा हा प्रकार. बिघडलेले इंजिन सहसा कोणाचा जीव घेत नाही. जीव घेतो तो मागून येणाऱ्याच्या डोळ्यांना झालेला उशीर.

थोडे गणित करून पाहू. ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदाला सुमारे २८ मीटर अंतर कापते. समोरची गाडी चालत नसून उभी आहे, हे ध्यानात येऊन चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद तरी जातो. म्हणजे चाळीस मीटर रस्ता मागे पडला. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर, उत्तम ब्रेक असलेली मोटार थांबायला आणखी पन्नास-साठ मीटर लागतात. एकंदर हिशेब शंभर मीटरांचा झाला. रस्ता ओला असेल किंवा मागून भरलेली मालमोटार येत असेल, तर हे अंतर आणखी वाढते. ज्याला आपली गाडी पन्नास मीटरांवर दिसली, तो कितीही सज्जन असला तरी त्याच्या हातात काही उरत नाही. म्हणून त्याला आधीच सूचना देणे हे आपले कर्तव्य ठरते. हाच रस्त्यावरचा पहिला शिष्टाचार.

तेव्हा क्रम असा ठेवावा. गाडी कुरकुरू लागली की ती पूर्ण थांबण्याची वाट न पाहता, तिच्यात उरलेल्या गतीचा उपयोग करून डाव्या कडेला, शक्य तर साइडपट्टीच्याही पलीकडे घ्यावी. चाक पंक्चर झाले असले तरी हळूहळू तसेच पुढे जाऊन सुरक्षित जागा गाठावी. टायर फाटेल, पण टायर बाजारात विकत मिळतो. गाडी थांबताच इशाऱ्याचे चारही दिवे लावावेत. त्यानंतर माणसे डाव्या बाजूच्या दारांनी उतरवावीत आणि रस्त्यापासून दूर, कठडा असेल तर सुरक्षित जागा पाहून त्याच्या पलीकडे न्यावीत. गाडीच्या पुढ्यात मात्र कोणीही उभे राहू नये, कारण मागून धडक बसली तर गाडी पुढेच फेकली जाते. गाडी मधल्या मार्गिकेत अडकली असेल आणि दोन्ही बाजूंनी वाहनांचा ओघ अखंड चालू असेल, तर मात्र उतरून धावण्याचे धाडस करू नये. पट्टा बांधून, दिवे चालू ठेवून आतच बसावे आणि ११२ या क्रमांकावर मदत मागावी. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांकही याच कामासाठी आहे.

गाडीबरोबर मिळणारा लाल परावर्तक त्रिकोण पुष्कळ जणांच्या डिकीत स्टेपनीखाली वर्षानुवर्षे न उघडता पडून असतो. तो गाडीला टेकवून ठेवल्याने काहीच साधत नाही. साध्या रस्त्यावर पन्नास मीटर, म्हणजे साठ-सत्तर पावले मागे, आणि वेगाच्या रस्त्यावर सव्वाशे-दीडशे पावले मागे तो ठेवावा. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, चढाचा माथा असेल तर माथ्याच्या अलीकडे ठेवावा. तो ठेवावयास जाताना येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून, रस्त्याच्या अगदी कडेने चालावे आणि त्रिकोण अंगासमोर धरावा. परंतु द्रुतगती मार्गावर कडेने चालणेच धोक्याचे वाटले, तर त्रिकोणाचा मोह सोडून दिव्यांवर भिस्त ठेवावी. वस्तूसाठी जीव नाही, तसाच नियमासाठीही जीव नाही.

या चार दिव्यांविषयीही एक शब्द. चौकात सरळ जायचे आहे म्हणून किंवा पाऊस पडतो आहे म्हणून, धावत्या गाडीचे चारही दिवे लुकलुकत ठेवण्याची चाल आपल्याकडे बोकाळली आहे. लांडगा आला रे आला असे उगाच ओरडणाऱ्या मुलाची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. जो इशारा सदैव चालू असतो, त्याकडे खऱ्या संकटात कोणी पाहत नाही.

कायद्याची दृष्टीही हीच आहे. गाडी बंद पडणे हा गुन्हा नव्हे; ती दुसऱ्याला धोका किंवा अडथळा होईल अशी ठेवणे हा दोष आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील १२२ वे कलम तसे स्पष्टपणे सांगते, आणि बिघडलेल्या वाहनाने वाहतूक अडवून धरणाऱ्यास २०१ व्या कलमाखाली दंड होऊ शकतो. तेव्हा दुरुस्तीचा नाद वेळीच सोडून क्रेन बोलावणे हेही शहाणपणच.

आता पाहणाऱ्यांविषयी आणि मदत करणाऱ्यांविषयी. ५ ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबईच्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवर, एका अपघातग्रस्त गाडीच्या मदतीस धावून आलेल्या लोकांवर मागून भरधाव मोटार आदळली आणि पाच जणांचे प्राण गेले. पुढच्याच वर्षी, २० जुलै २०२३ रोजी, अहमदाबादच्या एका उड्डाणपुलावर अपघात पाहण्यास जमलेल्या गर्दीत अशीच एक मोटार घुसली. त्यात निदान नऊ जण दगावले. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे सरकारी अहवाल सांगतो. मदतीची बुद्धी होणे हे पुण्यच. पण ते पदरी पडण्यासाठी आपण जिवंत राहावे लागते.

म्हणून मदतीस थांबणाऱ्याने आपली गाडी शेजारी किंवा रस्त्यात न थांबवता, पुष्कळ पुढे जाऊन कडेला लावावी. आधी मागचा बंदोबस्त झाला आहे ना ते पाहावे, मग ढकलण्यास हात लावावा. एकटी स्त्री किंवा वृद्ध गृहस्थ गाडीत असतील, तर काचेवर थापा न मारता चार हात दूर उभे राहून, 'कोणाला कळवू का?' एवढेच विचारावे. नको म्हटले तर राग मानू नये. काही करणे शक्य नसेल, तर निदान पाहण्यासाठी गाडी मंद करू नये आणि पाठीमागून कर्णा वाजवू नये. कर्ण्याने बंद इंजिन सुरू झाल्याचे उदाहरण माझ्या ऐकिवात नाही. अपघातच झाला असेल, तर मदत करणाऱ्याने पोलीस-कोर्टाचे भय बाळगण्याचे कारण नाही. २०१९ साली कायद्यात घातलेल्या १३४-अ या कलमाने सद्‌हेतूने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे.

आता पुन्हा घाटात जाऊ. इंजिन निवले, पाणी भरले, गाडी सुरू झाली. आभार मानून मी निघण्याच्या घाईत होतो. पाहतो तो, क्लीनर वळणावरून परत येत होता. आल्यावर त्याने हातातली फांदी बाजूला टाकली आणि चाकांमागचे दगड एकेक उचलून दूर, कठड्यापाशी नेऊन ठेवू लागला. अंधार पडला होता, आणि मला घाई होती. 'राहू द्या आता,' असे मी म्हणालो असेन. त्यावर तो चालक म्हणाला, "साहेब, आपण जातो, दगड हितंच राहतो. रातच्याला एखादा मोटारसायकलवाला येतो अन् त्याला दिसत नाही."

मी खाली उतरलो आणि उरलेले दोन दगड उचलले.

तेव्हापासून माझ्या गाडीत दोन लाकडी ठोकळे असतात. चाकामागे लावायचे आणि निघताना आठवणीने परत घ्यायचे. मुले आता मोठी झाली आहेत आणि स्वतः गाडी चालवतात. त्यांना निरोप देताना आमच्याही घरी हातावर दही ठेवतात. मी मात्र त्याबरोबर एक प्रश्न विचारतो: त्रिकोण वर काढून ठेवला आहे ना? मुले हसतात. पण डिकी उघडून पाहतात.