आधी नमुना, मग सुई : जनावरांच्या आजाराचे निदान समजून घेऊया

परभणी तालुक्यातील पोखर्णी असो की दुसरे कोणतेही गाव, भूमिहीन कुटुंबाची बँक म्हणजे दोन शेळ्या नाहीतर एक गाय. जनावर आजारी पडले की घाईने सुई टोचली जाते, पण आजार नेमका कोणता हे विचारले जात नाही. पैसे जातात आणि अनेकदा जनावरही जाते. म्हणून निदान कसे होते, हे आपल्या तरुणांनी समजून घेतले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

लक्षणांवरून फक्त संशय येतो. पावसाळ्यात गाई-म्हशीला जोराचा ताप, घशाला सूज आणि घरघर असेल तर घटसर्प असू शकतो. धष्टपुष्ट तरुण जनावर अचानक लंगडले आणि मांडीवरची सूज दाबल्यावर चरचर आवाज आला तर फऱ्या. खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते. घटसर्पात रक्ताची काच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की दोन्ही टोकांना गडद दिसणारे जिवाणू सापडतात.

कासदाहात दुधाचा नमुना प्रतिजैविक देण्याआधीच घ्यावा. सड धुवून, कोरडे करून, स्पिरिटने पुसावेत. पहिल्या काही धारा सोडून द्याव्यात आणि दूध निर्जंतुक बाटलीत घेऊन बर्फावर पाठवावे. प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून त्यावर कोणते औषध चालते, हे तपासतात. अंदाजाने औषधे देत राहिलो तर जिवाणू त्यांना दाद देईनासे होतात. त्याची झळ माणसांनाही बसते.

गाय किंवा शेळी गाभडली तर ब्रुसेलोसिसची शंका घ्यावी. रक्ताच्या तपासणीतून तो कळतो. हा आजार माणसालाही होतो. वार आणि मृत गर्भाला उघड्या हाताने शिवू नये, दूध उकळूनच प्यावे.

सर्वांत धोक्याची काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स. जनावर अचानक मरते आणि नाका-तोंडातून न गोठणारे काळसर रक्त येते. असे जनावर फाडू नये, सोलू नये, खाऊ नये. हवा लागताच जिवाणू बीजाणू बनतात आणि मातीत वर्षानुवर्षे टिकतात. निदानासाठी पशुवैद्यकाने कानाच्या शिरेतून घेतलेला रक्ताचा थेंब पुरतो. मेलेली ढोरे ओढण्याचे काम जातीने आपल्या पूर्वजांवर लादले, तेव्हा हा धोकाही त्यांच्याच माथी मारला. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, ते स्वाभिमानासाठी. त्यात आरोग्याचेही हित होते.

परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यात औंधला राज्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. या सोयी आपल्या करातूनच चालतात. प्रत्येक वस्तीतील दोन तरुणांनी एवढे करावे : पावसाळ्यापूर्वी घटसर्प-फऱ्याची लस टोचून घ्यावी, आणि आजारी जनावराला सुई देण्याआधी डॉक्टरांना विचारावे, "साहेब, नमुना घेतला का?"