घराचा दर्शनी भाग आणि अंगण : आखणीची सुरुवात उतारापासून

म्हैसूर जिल्ह्यातील कृष्णराजनगर हे आखून वसवलेले शहर आहे. 1924 च्या महापुरात कावेरीकाठच्या येडतोरे गावाची हानी झाली. त्यानंतर नदीपासून दूर नवी वस्ती उभी राहिली व तिला चौथे कृष्णराज वोडेयार यांचे नाव मिळाले. आधी पाण्याचा विचार, मग बांधकाम. अंगण नव्याने करताना हाच क्रम ठेवा. रंगाचे नमुने पाहण्याची घाई नको.

समजा, तुमचे अंगण 5 मीटर रुंद आणि 6 मीटर लांब, म्हणजे 30 चौरस मीटर आहे. 20 मिलिमीटर पाऊस झाला की त्यावर 600 लिटर पाणी पडते. छपराच्या पागोळ्यांचे पाणी वेगळेच. ते जोत्याशी साचले, तर भिंतीत ओल चढते आणि नव्या रंगाचे पोपडे निघतात. म्हणून घराकडून फाटकाकडे 100 ला 1 उतार द्या, म्हणजे 6 मीटरला 6 सेंटीमीटर. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी पातळी तपासतात, तशी तुम्हीही तपासा.

डांबराचे थर चढून रस्ता अंगणापेक्षा उंच झाला असेल, तर पाणी भिंतीपासून दूर शोषखड्ड्यात न्यावे लागते. फरशी गाडीपुरती, रांगोळीपुरती पुरे. बाकी माती मोकळी ठेवा. रंग शेवटी, पावसाळ्यानंतर भिंती पूर्ण वाळल्यावर.