साडेआठाचा पाऊस

सोलापुराहून विजापूरकडे निघालेला रस्ता वडकबाळच्या पुलावर सीना ओलांडून मंद्रूपला येतो आणि पुढे टाकळीपाशी भीमेला भेटतो. या दोन नद्यांच्या मध्ये असूनही आभाळावर भिस्त ठेवणाऱ्या त्या काळ्या मुलखात, हस्त नक्षत्रातील एका ओल्या सकाळी, मी मामांच्या अंगणातल्या पर्जन्यमापकापाशी उभा होतो.

साडेआठ वाजेपर्यंत मामांनी नरसाळ्याला हात लावला नाही. कालच्या साडेआठापासूनचा पाऊस आजच्या तारखेस जमा धरावा, हा हवामान खात्याचा दंडक. मग त्यांनी बाटलीतले पाणी मोजपात्रात ओतले, ते सपाट फळीवर ठेवले आणि गुडघे टेकून, काचेच्या कडेला चढलेले पाणी सोडून, मधल्या खळग्याचा तळ वाचला : २३ मिलिमीटर, म्हणजे एकरी सुमारे ९३ हजार लिटर, आणि वाफसा आला की शाळूची पेरणी.

या साध्या कृतीमागे जी शिस्त आहे, तिला ॲना मणी यांनी पुण्यात आयुष्याची उमेदीची वर्षे दिली. त्रावणकोरात १९१८ साली जन्मलेल्या, रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरेमाणकांच्या वर्णपटांचा अभ्यास करून लंडनला हवामानाच्या उपकरणांचे शिक्षण घेतलेल्या या विदुषी १९४८ मध्ये पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या. परदेशातून मागवावी लागणारी उपकरणे येथेच घडावीत, म्हणून त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करविले. पुढे सूर्यप्रकाश मोजणारी केंद्रे देशभर उभारली. चुकीच्या मोजमापापेक्षा मोजमाप नसलेले बरे, हा त्यांचा आग्रह होता. हवामान पालटते आहे की नाही, याचा निवाडा अखेर अशा जुन्या आकड्यांच्या सचोटीवरच व्हावयाचा असतो.

मामांच्या नोंदवहीत दोन वर्षांच्या पानांवर तांबडी रेघ आहे. कुंपणालगतचा शेवगा वाढत गेला आणि मापकावर येणारा तिरपा पाऊस अडवू लागला, हे ध्यानी येताच त्यांनी मापक झाडाच्या उंचीच्या दुपटीहून दूर हलविले; जुने आकडे मात्र न खोडता, समासात 'शेवग्याची आड' एवढा शेरा मारला.

तेवढ्यात शेजारी कुंपणावरून डोकावले. "मास्तर, पंचवीस धरा की! शिवारात चांगला झालाय."

मामांनी दौतीत टाक बुडविला. "शिवारातला शिवारात. हितं तेवीसच पडलाय."