रेट्रोव्हायरसविरुद्ध पेशीचे अंतर्गत संरक्षण : एच.आय.व्ही.च्या विशेष संदर्भात

प्रतिकारशक्ती म्हटले की प्रतिपिंडे आणि पांढऱ्या पेशी यांचाच विचार प्रामुख्याने केला जातो. तथापि, विषाणू आत शिरल्यानंतर ती पेशी स्वतः काय करते, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात एच.आय.व्ही.-१ च्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

रेट्रोव्हायरसची जनुकीय माहिती आर.एन.ए. स्वरूपात असते. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या विकराच्या साहाय्याने तिचे डी.एन.ए. बनते व ते पेशीच्या गुणसूत्रात कायमचे जोडले जाते. प्रचलित औषधे विषाणूची वाढ रोखतात. गुणसूत्रातील ही प्रत मात्र काढू शकत नाहीत. साहजिकच पेशीचा बचाव बहुतांशी या जोडणीपूर्वीच व्हावा लागतो.

विषाणूतील 'व्हिफ' हे प्रथिन काढून टाकल्यास तो काही पेशींत वाढतो, काहींत वाढत नाही. या कोड्याचा उलगडा २००२ मध्ये ॲन शीही, मायकेल मॅलिम व सहकाऱ्यांनी केला. वाढ न होऊ देणाऱ्या पेशींत त्यांना जे प्रथिन आढळले, ते आज अपोबेक-३जी या नावाने ओळखले जाते. त्याची कार्यपद्धती विलक्षण आहे. ज्या पेशीत ते असते तिला ते वाचवीत नाही. तेथे तयार होणाऱ्या विषाणूकणांत ते शिरते आणि पुढील पेशीत आपले काम करते. डी.एन.ए.ची पहिली साखळी तयार होत असताना तिच्यातील सायटोसिनचे ते युरॅसिल करते. परिणामी दुसऱ्या साखळीत ग्वानिनच्या जागी ॲडेनिन येते आणि अशा असंख्य चुकांमुळे विषाणूचा संदेश निरर्थक होतो. व्हिफ नेमके हेच टाळते. ते अपोबेकवर युबिक्विटिनची खूण करवून घेते व पेशीच्याच प्रोटिएझोमकडून त्याचा नाश घडवून आणते. पेशीची विल्हेवाट-यंत्रणा अशा रीतीने तिच्याविरुद्धच वापरली जाते.

ऱ्हीसस माकडांना एच.आय.व्ही.-१ ची लागण का होत नाही, याचे एक महत्त्वाचे कारण २००४ मध्ये समजले. त्यांच्यातील ट्रिम-५ अल्फा हे प्रथिन विषाणूचे कवच ओळखून त्याचे कार्य बिघडवते. मानवातही हे प्रथिन आहे, पण या विषाणूपुढे ते दुबळे ठरते. मानवी प्रथिनातील ३३२ व्या स्थानाचे एकच अमिनो आम्ल बदलले असता प्रयोगशाळेत ते विषाणूला अडवू लागते. मात्र यावरून माकडाचे प्रथिन सर्वार्थाने श्रेष्ठ मानणे घाईचे ठरेल, कारण माकडांतील एस.आय.व्ही.मॅक या विषाणूला ते फारसे रोखू शकत नाही.

२०११ मध्ये सॅमएचडी-१ चे कार्य उघड झाले. भक्षक पेशी व डेंड्रायटिक पेशींमधील डी.एन.ए.चे घटक ते नष्ट करते, त्यामुळे विषाणूला प्रत काढण्यास साहित्यच उरत नाही. एच.आय.व्ही.-२ जवळ यावर व्हीपीएक्स हे प्रथिन आहे; एच.आय.व्ही.-१ जवळ ते नाही. तरीही एच.आय.व्ही.-१ हाच अधिक घातक आहे. डेंड्रायटिक पेशींत फारसा वाढत नसल्यामुळेच तो त्यांच्या धोक्याच्या इशाऱ्यापासून बचावतो, असे काही संशोधकांचे प्रतिपादन आहे.