कुंचीच्या वर एक शर्ट

हिवाळ्यात भवानीनगरच्या रस्त्याने पहाटे रिकाम्या ट्रॉल्या जातात. रिकाम्या म्हणजे ऊस नसलेल्या. आत माणसं दाटीने बसलेली असतात. अशा एका ट्रॉलीत मला पुरुषाचा फुलबाह्यांचा शर्ट घातलेली बाई दिसली. शर्टाच्या गळ्यातून कुंचीचं टोक वर आलेलं होतं, आणि ते हललं. ही बांधाबांध होते कशी, ते पाहायला मी कालव्याकाठच्या ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर गेले.

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती-इंदापूरचा ऊस उभा आहे, आणि त्या उसावर माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती असे कारखाने. तोडायला माणसं येतात बीडहून, नगरकडून. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या वहीत कोयत्याची नोंद होते, लेकराची होत नाही.

माझी गाठ पडली ती बीडकडच्या एका कोयत्याशी. लेकरू अडीच-तीन महिन्यांचं. त्याची सात-आठ वर्षांची बहीणही सोबत होती, कारण गावाकडे तिला सांभाळणारं कुणी नाही आणि इथे लेकराला सांभाळणारं कुणी नाही. गाडी पहाटे तीनला येते. एक दिवस गेलं नाही तर काय होतं, असं मी विचारलं. शहरातून आलेल्या माणसाचाच प्रश्न. ती म्हणाली, "खाडा पडतो. खाड्याचे पाचशे."

कोपीत मोबाइलच्या उजेडात काम सुरू झालं. चुलीवर तवा तापला, त्यावर ओवा पडला आणि त्या वासाने कोपी भरून गेली. गरम ओवा फडक्यात बांधून तिने पुरचुंडी आधी स्वतःच्या गालाला लावली, मग लेकराच्या छातीला, पाठीला, तळपायांना. तेल लावणं संध्याकाळीच उरकलेलं असतं. पहाटे अंग उघडं टाकायचं नाही. आधी लंगोट, त्यावर जुन्या लुगड्याचं मऊसूत झबलं. सुती कापडच अंगाला लागलं पाहिजे. बाजारातला स्वेटर नायलॉनचा, तो वरून. पायांत बापाचे मोजे, पार मांडीपर्यंत ओढलेले. मग टोपडं, त्यावर कुंची. दुपट्याचं एक टोक दुमडून पायांवर आलं आणि दोन बाजूंनी हात आत गेले. छातीवर मात्र तिने दोन बोटं शिरतील एवढी जागा ठेवली. "आवळलं तर श्वास कसा घेईल?"

शेवटी शर्ट. उसाचं पान कापतं म्हणून तोडणीच्या बाया साडीवर नवऱ्याचा शर्ट घालतात. हिने लेकरू छातीशी धरलं, पदराने बांधलं आणि वरून शर्ट चढवला. वरची दोन बटणं उघडी. नाक बाहेर, बाकी सगळं आत. हे सगळं होईपर्यंत मी अजून स्वतःची शाल नीट करत होते.

तान्ह्या बाळाच्या अंगाचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने जास्त असतो, त्यातही डोकं मोठं, म्हणून ऊब भराभर जाते. मोठ्यांसारखं कुडकुडून ती परत मिळवणंही त्याला जमत नाही. आईच्या अंगाची ऊब हा त्यावर एक उपाय. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978 साली डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आईच्या छातीशी बांधायला सुरुवात केली, आणि पुढे ती पद्धत जगभर गेली. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्यात बाळाला उबेत ठेवणंही होतं. 1999 मध्ये ते काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे सरकारने आशाताईंच्या घरभेटी ठरवल्या: तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. हे लेकरू महिन्याचं होतं तेव्हा घराला कुलूप लागलं. बेचाळिसाव्या दिवसाची भेट गावाकडच्या त्या कुलपाच्या वाट्याला आली.

तान्ह्याला थंडीत शक्यतो बाहेर काढू नये, हा सल्ला मला पाठ आहे. कोपीत तो उच्चारायचा धीर झाला नाही. चूक तो नाहीच. फक्त खाड्याचे पाचशे कुणी भरायचे ते त्यात लिहिलेलं नसतं.

फडात थंडी वेगळीच. पाणी प्यालेलं रान, दवाने निथळणारी पानं. पहिल्या पेंडीलाच शर्टाच्या बाह्या ओल्या होतात. म्हणून तिथे लेकरू शर्टातून निघतं आणि बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधतात. पाचटाचा शेक जवळ नको, धूर छातीत जातो. "आन् ट्रॉलीखाली टाकायचं न्हाई," असं ती दोनदा म्हणाली. सावली दिसते म्हणून कुणी टाकतं, आणि ड्रायव्हर मागे घेतो.

मला वाटलं होतं, खरं काम घालण्याचं. पण काढण्याचं काम त्याहून अवघड आहे आणि ते बहिणीकडे आहे. दिवस कासराभर वर आला की कुंची काढायची. ऊन बांधावर आलं की मोजे. मग स्वेटर. दुपारी इथे चांगलं तापतं. पहाटेचे कपडे तसेच राहिले तर अंगभर घामोळं उठतं. ती पोरगी सारखी मानेमागे हात घालून बघत होती. "ओलं लागलं तर कापड जास्त झालं," आईचंच वाक्य तिने मला मोठेपणाने सांगितलं. शाळेचं विचारल्यावर मात्र काही बोलली नाही, झोळीला झोका देत राहिली. लेकरू रडलं की मोळ्या टाकून आई यायची, पाजायची, जायची. पाजण्याचा वेळ तोडणीतूनच जातो.

पोटच्या मायेने सगळं निभावतं, असं लिहायचा मोह होतो. मला ते पटत नाही. ही माया नाकारायची नाही, पण इथे ती पाळणाघराच्या जागी राबवून घेतली जाते, तेही फुकट.

निघताना मी म्हटलं, पुढच्या हंगामात मोठा होईल, मग एवढं गुंडाळावं लागणार नाही. ती हसली. "पुढच्या साली तर जास्तीच वैताग, ताई. पाय फुटलेले असणार त्याला. मग कमरेला दोरी बांधायची आन् दुसरं टोक बाभळीला."