व्हर्जिनियातील करारबद्ध मजूर
१६०७ साली जेम्सटाउन येथे इंग्रजांची वसाहत स्थापन झाली, आणि पुढे तंबाखूच्या लागवडीस माणसे अपुरी पडू लागल्यावर, १६१८ मध्ये व्हर्जिनिया कंपनीने, जो कोणी स्वखर्चाने मजूर आणील त्याच्या नावे दरडोई ५० एकर जमीन देण्याची तजवीज केली. म्हणजे जमीन मिळे ती प्रवासखर्च भरणाऱ्यास, आणि निर्धन प्रवाशाच्या वाट्यास येई तो बहुधा चार ते सात वर्षांच्या चाकरीचा करारनामा, जो मालक खुशाल दुसऱ्यास विकू शके. १६१९ साली आणलेले आफ्रिकी बंदिवान तर स्वेच्छेने आलेच नव्हते. १६४० मध्ये तीन पळपुटे चाकर पकडले गेले, तेव्हा दोघा युरोपीयांची मुदत चार वर्षांनी वाढली, आणि जॉन पंच या आफ्रिकी चाकरास मात्र न्यायासनाने आजन्म चाकरी फर्मावली. अपराध तिघांचाही एकच होता, हे ध्यानात घ्यावे. १६६२ च्या कायद्याने पुढे आईचे दास्य अपत्याकडेही वारशाने आले.