एसएसएच की बरोबर आहे, तरी ‘परमिशन डिनाइड’ का येतं?

मागच्या महिन्यात शनिवारी संध्याकाळी मी घरून ऑफिसच्या सर्व्हरवर लॉगिन करत होतो. रोजचाच लॅपटॉप, रोजचीच कमांड. पण उत्तर आलं ‘परमिशन डिनाइड’. सर्व्हर उबुंटूचा आणि पासवर्डने लॉगिन करायची सोय आम्हीच बंद केलेली. म्हणजे की चालली नाही तर आत जायला दुसरा रस्ताच नाही.

टीममधल्या मित्राला फोन लावला. तो दुपारपासून त्याच अकाउंटवर होता.

“माझं तर चालू आहे. थांब, बाहेर पडून परत लॉगिन करून बघतो.”

“अरे नको! ते टर्मिनल बंद करू नकोस!”

तो बाहेर पडला असता तर दोघंही बाहेरच राहिलो असतो. तपासणी नव्या लॉगिनच्या वेळी होते, चालू सेशन तुटत नाही.

चूक कुठे आहे?

आधी मी एसएसएच कमांडला ‘डॅश व्ही’ लावून पाहिलं. माझी की सर्व्हरला दिली जात होती, पण सर्व्हर ती नाकारत होता. असं दिसलं की लॅपटॉपवर वेळ घालवू नका, सर्व्हरचा लॉग बघा. उबुंटूवर तो व्हार-लॉग फोल्डरमधल्या ऑथ-डॉट-लॉग फाइलमध्ये असतो. मित्राने वाचून दाखवलं: ‘बॅड ओनरशिप ऑर मोड्स’, आणि पुढे आमच्या ऑथराइज्ड-कीज फाइलचं नाव.

मग उलगडा झाला. दुसऱ्या यूजरला एका फोल्डरमध्ये फाइल टाकता येत नव्हती, म्हणून मित्राने दुपारी अख्ख्या होम फोल्डरवर ‘सीएचमॉड ७७७’ चालवलं होतं, तेही आतल्या सगळ्या फाइल्ससकट.

७७७ ने काय होतं?

तीन आकडे म्हणजे मालक, ग्रुप आणि बाकी सगळे. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १, बेरीज ७. म्हणजे सर्व्हरवरच्या कुणालाही सगळं करायची मुभा. होम फोल्डरमध्ये कुणीही लिहू शकत असेल, तर तो तुमचा डॉट-एसएसएच फोल्डर बाजूला सारून स्वतःची की असलेला दुसरा तिथे ठेवू शकतो आणि तुमच्या नावाने आत येऊ शकतो. म्हणून एसएसएच सर्व्हर अशा अकाउंटच्या कीवर विश्वासच ठेवत नाही.

दुरुस्ती

मित्राच्या उघड्या टर्मिनलवरून एवढं केलं:

१. होम फोल्डर ७५५
२. डॉट-एसएसएच फोल्डर ७००
३. ऑथराइज्ड-कीज फाइल ६००
४. तिथेच असलेली प्रायव्हेट कीसुद्धा ६००

या सगळ्यांचा मालक तोच यूजर आहे ना, तेही पाहिलं. मग ऑथराइज्ड-कीज उघडून प्रत्येक ओळ तपासली, कारण दार उघडं असताना कुणी आपली की त्यात टाकली असती, तर ती आता चालली असती. आमच्याच कीज होत्या. मी लॉगिन केलं, आत गेलो, आणि मगच मित्राला टर्मिनल बंद करायला सांगितलं.

नेटवर ‘स्ट्रिक्टमोड्स’ बंद करा असाही उपाय सापडतो. त्याने लॉगिन होतं, पण ही तपासणीच बंद पडते. तसं करू नका. फोल्डर शेअर करायचा असेल तर होमच्या बाहेर वेगळा करा आणि फक्त गरज असलेल्या ग्रुपला परवानगी द्या.